39 लाखांची पुंजी आणि 32 हजारांचा महिना: पैसे किती वर्षं पुरतील?

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकच्या सिडकोत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय 65, पत्नी 62. सातपूरच्या एका कारखान्यातून 2021 मध्ये निवृत्त झाले. ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, पेन्शन महिना 2,900 रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख, राष्ट्रीयीकृत बँकेत 20 लाखांच्या ठेवी आणि बचत खात्यात 4 लाख. घरखर्च पाच वर्षांत 21 हजारांवरून 32 हजारांवर गेला आहे आणि आता दर महिन्याला मुद्दलाला हात लागतो. ओळखीतले एक जण 5 लाख पतसंस्थेत 11 टक्क्यांनी ठेवा म्हणतात. पुण्यात नोकरी करणारा मुलगा दरमहा पैसे पाठवतो म्हणतो, पण 'त्याच्यावर ओझं नको' म्हणून यांनी नाही सांगितलं आहे. त्यांचा प्रश्न असा: जास्त व्याज कुठे मिळेल?

काका, तुम्ही आकडे लपवले नाहीत म्हणून मीही मोकळेपणाने सांगतो. आधी बँकेत आणि नंतर निवृत्त लोकांच्या पैशाचं नियोजन करण्यात माझं आयुष्य गेलं. जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न व्याजाच्या टक्क्याचाच विचारतो. तुमच्यासाठी त्याच्या आधीचा प्रश्न हा, की आहेत ते पैसे किती वर्षं पुरतील. आणि तो तुमच्या वयावर मोजायचा नाही, वहिनींच्या वयावर मोजायचा. त्या तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, आणि बायका सहसा जास्त जगतात. तुमच्या माघारी त्यांना पंधरा-वीस वर्षं काढावी लागतील असं धरूनच बसायला हवं.

हिशोब सोपा आहे. व्याज जितकं मिळतं तितकी महागाई वाढते, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, असं धरू. महिना 32,000 मधून पेन्शनचे 2,900 वजा केले की 29,100 उरतात, वर्षाचे साधारण साडेतीन लाख. 39 लाखांना साडेतीन लाखांनी भागलं तर 11 वर्षं येतात. आज आहे तसंच चालू राहिलं तर तुमच्या 76 व्या वर्षी, वहिनींच्या 73 व्या वर्षी पुंजी संपते. महागाई सात टक्के धरली तर त्या वर्षी हेच घर चालवायला महिना 67,000 च्या आसपास लागतील. हा आकडा तुम्हाला घाबरवायला दिलेला नाही. पुढचं सगळं याच्यावर ठरतं म्हणून दिला.

आता पतसंस्था. 5 लाख बँकेत ठेवले तर पावणेसात टक्क्यांनी वर्षाला 33,750 मिळतात, पतसंस्थेत 11 टक्क्यांनी 55,000. फरक महिन्याला 1,770 रुपयांचा. या 1,770 साठी तुम्ही पुंजीचा आठवा हिस्सा अशा जागी ठेवणार, जिथे ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेतल्या ठेवींना 2020 पासून माणशी, एका बँकेमागे 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो लागूच होत नाही. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ज्येष्ठ ठेवीदारांचे काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलं, आणि ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक होती. ओळखीतला माणूस चांगलाच असेल. पण तुमचे 5 लाख अडकले तर तो परत देऊ शकणार नाही. तिकडे एक रुपयाही ठेवू नका.

त्यापेक्षा जास्त रक्कम तुम्हाला सरकारी योजनेतच मिळते आहे, फक्त तिकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं तुमचं खातं 2021 चं आहे. तेव्हा दर 7.4 टक्के होता आणि खातं उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षं राहतो. म्हणजे दर वाढले तरी तुम्ही 7.4 वरच होता. 2023 च्या एप्रिलमध्ये नव्या खात्यांसाठी दर 8.2 झाला आणि कमाल मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख झाली. तुमची मुदत आता पुरी होते आहे. त्याच आठवड्यात पोस्टात जा, खातं बंद करा आणि त्याच पैशाचं नवं उघडा. त्या दिवशीचा दर खिडकीवर विचारून घ्या. मी पुढची आकडेमोड 8.2 धरून करतो. मुदत संपून रक्कम तशीच पडून राहिली तर तिच्यावर साध्या बचत खात्याइतकंच व्याज मिळतं, त्यामुळे 'बघू दिवाळीनंतर' असं करू नका. तीन-तीन वर्षांची मुदतवाढही मिळते, पण तुमच्यासाठी नवं खातं बरं, दर पाच वर्षं पक्का होतो.

बँकेतल्या 20 लाखांपैकी ज्या ठेवी आधी पिकतील त्यातले 10 लाख वहिनींच्या नावे याच योजनेत टाका. ठेवी मुदतीआधी मोडू नका, उगाच दंड बसेल. ही दोन खाती वर्षभराच्या अंतराने उघडली तर उत्तम. पाच वर्षांनी दर पडलेले असले तर सगळी रक्कम एकाच वेळी त्या कमी दरात सापडायची नाही.

या दोन बदलांनी काय होतं ते बघा. 15 लाखांवर वर्षाला 12,000 जास्त, 10 लाखांवर 14,500 जास्त. महिन्याला 2,200 रुपये. पतसंस्थेच्या 1,770 पेक्षा जास्त, आणि रात्री झोप लागेल अशा ठिकाणी.

आणखी एक गळती. बँकेचं व्याज वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की ज्येष्ठांच्या व्याजातूनही बँक दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तुमचं 1,35,000 आहे, म्हणजे 13,500 कापले जात असणार. तुमचं एकूण उत्पन्न पाहता तुम्हाला आयकर लागतच नाही. दर एप्रिलमध्ये बँकेत आणि पोस्टात, दोन्हीकडे, 'मला आयकर लागत नाही, व्याजातून कापू नका' असं सांगणारा, आपल्या पिढीला 15एच म्हणून माहीत असलेला फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या. आधी कापलेले असतील तर रिटर्न भरून परत मागा.

खर्चाचा तुम्ही दिलेला तक्ता मी शेजारी मांडून पाहिला. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून 9,000 चे 12,500 झाले. औषधं आणि तपासण्या 2,200 वरून 4,600. आरोग्य विमा 2,000 वरून 3,400. सोसायटी, घरपट्टी, वीज, मोबाइल 3,300 वरून 4,700. कामाच्या बाईंचे 1,500 चे 3,000, कारण आता पोळ्यांनाही बाई आहेत. प्रवास, सणवार, आहेर 3,000 वरून 3,800.

यातून काय दिसतं? किराणा पाच वर्षांत चाळीसेक टक्के वाढला आणि दवाखाना व विमा मिळून नव्वद टक्के. टीव्हीवर महागाईचा दर सांगतात तो सगळ्या देशाच्या टोपलीचा असतो. साठीनंतरच्या घराची टोपली वेगळी. तिच्यात पेट्रोल आणि कपडे कमी, औषधं आणि माणसांचे पगार जास्त. तुमचा खर्च वर्षाला जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढला आहे. तेव्हा तुम्ही लिहिलंत तसं 'दूध अर्धा लिटर कमी केलं' हे करू नका. या वयात दूध, फळं, डाळ यांत वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात. पोळ्यांच्या बाईही बंद करू नका. वहिनींचे गुडघे त्यांनीच सांभाळले आहेत, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च तुम्ही चौकशी करून पाहिलाच आहे.

कात्री लावायची ती औषधांना, आणि तीही डॉक्टरांना सोबत घेऊन. पुढच्या भेटीत त्यांना सांगा, 'गोळ्यांची मूळ नावं लिहून द्या, मला जनऔषधी केंद्रातून घ्यायच्या आहेत.' तुमच्या यादीत टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन आणि अॅटोरवास्टॅटिन आहेत. चारही तिथे मिळणारी, रोज लागणारी औषधं, आणि बड्या ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून कमी किमतीत. केंद्रावर जाताना जुनं पाकीट न्या, मिलिग्रॅम जुळतंय का ते स्वतः वाचा. 'एसआर' किंवा 'एक्सआर' अशी अक्षरं पुढे असतील तर तीही जुळली पाहिजेत, नाहीतर दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळीच्या जागी एकदम सुटणारी गोळी पोटात जाईल. सुरुवातीला एकाच महिन्याच्या घ्या, बीपी आणि साखर मोजून वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि मग पुढे चालू ठेवा. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत यातून महिना दीड-दोन हजार वाचले आहेत. तपासण्याही 'फुल बॉडी पॅकेज'च्या नादी न लागता डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच करा.

विमा महाग झाला म्हणून सोडू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे. यंदाच्या नूतनीकरणात तो खरंच उतरला का, हे पावतीवर बघा. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, हा नियमही 2025 च्या जानेवारीपासून आहे. मधुमेह असताना या वयात कंपनी बदलायच्या फंदात पडू नका, नवी कंपनी नकार देऊ शकते. सत्तरी पुरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार होतात आणि खासगी विमा असला तरी चालतं. तोवर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे, पण यादीतले उपचार आणि यादीतली रुग्णालयं एवढ्यापुरतीच. तुमच्या जवळचं कोणतं रुग्णालय त्यात आहे ते आजारी पडायच्या आधी माहीत असू द्या.

बाकीचं थोडक्यात. एसटीला तुम्हाला अर्धं तिकीट आहेच, वहिनींनाही महिला म्हणून अर्धं, आणि पंचाहत्तरीनंतर मोफत. घरात ब्रॉडबँड आहे, मग दोन्ही मोबाइलला रोजच्या डेटाचे मोठे प्लॅन कशाला? आहेराची रक्कम दोघांनी बसून एकदा ठरवा आणि सगळ्यांना तीच द्या. नातेवाईक समजून घेतात. सगळं मिळून महिना चार हजार कमी होतील, खर्च 28,000 वर येईल आणि पुंजी 11 ऐवजी 13 वर्षं पुरेल. प्रामाणिकपणे सांगायचं तर काटकसरीने इतकंच होतं. त्याच्या खाली गेलात तर जगण्यातला आनंद जाईल, आणि तशी काटकसर वर्षभरही टिकत नाही.

पेन्शन वाढेल या आशेवरही हिशोब बांधू नका. ईपीएसला महागाई भत्ता नाही. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या तुमच्या साडूंचं पेन्शन महागाईबरोबर वाढत जातं, तुमचे 2,900 मात्र पंचाहत्तरीतही 2,900 च असतील. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वर अडकलं आहे. ते 7,500 आणि वर महागाई भत्ता मिळावा म्हणून बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत माणसं वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. मागणी रास्त आहे, माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. मिळालं तर वरचं समजा.

आता मुलाबद्दल. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. तो देतो म्हणतो, तुम्ही नको म्हणता. काका, तुम्ही त्याच्यावरचं ओझं टाळत नाही आहात, ते पुढे ढकलत आहात, आणि पुढे ते कितीतरी मोठं होणार आहे. आज त्याने महिना 8,000 दिले तर 28,000 च्या खर्चातून ते आणि पेन्शन वजा जाऊन 17,100 उरतात, वर्षाचे दोन लाख पाच हजार. 39 लाख मग 19 वर्षं पुरतात. आज घेतले नाहीत तर दहा-बारा वर्षांनी, तो पन्नाशीत असताना, नातवंडांची कॉलेजं चालू असताना, तुमच्या घराचा पूर्ण खर्च एकदम त्याच्या अंगावर येईल. कोणत्या वेळी त्याला सोपं जाईल हे त्यालाच ठरवू द्या. हा कागद त्याच्यासमोर ठेवा, सूनबाईंनाही बसवा, आकडे दाखवा. महिन्याची ठरावीक रक्कम ठरलेल्या तारखेला थेट तुमच्या खात्यात येऊ दे आणि दर एप्रिलमध्ये ती थोडी वाढू दे. दर महिन्याला मागावं लागलं तर तुम्हाला लाज वाटेल, आणि कधी विसरला तर त्याला. मुलाकडून पैसे घेताना मान खाली जाते असं म्हणणारे वडील मी खूप पाहिले. त्याच वडिलांची मुलं मला एकांतात विचारतात, 'बाबा काही सांगतच नाहीत, त्यांच्याकडे नक्की किती आहे?'

तुमच्या हातात कामही आहे. तुम्ही गुणवत्ता तपासणीत होता. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारा अनुभवी माणूस हवाच असतो. पाच वर्षं महिना 6,000 मिळाले तरी 3,60,000 वाचतात, म्हणजे पुंजीचं आयुष्य पावणेदोन वर्षांनी वाढतं. तब्येत साथ देते तोवरच हे शक्य आहे, म्हणून आत्ताच बघा.

39 लाख मी असे लावीन: ज्येष्ठ नागरिक योजनेत दोघांचे मिळून 25 लाख. बचत खात्यात आणि हवी तेव्हा मोडता येईल अशा ठेवीत 3 लाख, अचानक दवाखाना निघाला तर. 5 लाख बँकेतच, वेगवेगळ्या वर्षी पिकतील अशा ठेवींत. आणि 6 लाख अशा जागी जिथे ते वाढतील: एखादा साधा इंडेक्स फंड, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड, किंवा शेअर आणि रोखे दोन्ही असलेला फंड. त्यांना किमान सात वर्षं हात लावायचा नाही. तुम्ही शेअर बाजाराला घाबरता हे मला कळतं. 2020 च्या मार्चमध्ये बाजार दोन महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. तेव्हा ज्यांनी घाबरून विकलं त्यांचं नुकसान कायमचं झालं. म्हणूनच 6 लाखच, तेही वर्षभरात हप्त्या-हप्त्याने, आणि बाकीचे 33 लाख सुरक्षित. पण सगळंच ठेवींत ठेवलं तर तुमचं उत्पन्न पाच वर्षं जागचं हलत नाही आणि खर्च दहा वर्षांत दुप्पट होतो. पुंजीचा एक भाग तरी खर्चाच्या वेगाने पळायला हवा. कोणी एजंट सगळी रक्कम आजन्म पेन्शन योजनेत टाका म्हणाला तर थांबा. तिथला आकडाही सहसा मरेपर्यंत तोच राहतो.

या मांडणीत पेन्शन आणि व्याज धरून महिना साधारण 23,400 येतात. मुलाचे 8,000 धरले की 31,400, आणि खर्च 28,000. म्हणजे सुरुवातीला 3,400 शिल्लक दिसतील. ते खर्चायचे नाहीत. सात टक्के वाढीने दोनच वर्षांत खर्च 32,000 वर जाईल आणि ही शिल्लक संपेल. निवृत्तांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पहिल्या काही वर्षांत आलेलं सगळं व्याज खर्च होतं, कारण तेव्हा ते पुरून उरतं. हे 3,400 दर महिन्याला त्या फंडातच टाका.

राहता फ्लॅट हा शेवटचा साठा. 19 वर्षांनी वहिनी 81 च्या असतील, तेव्हा तो कामी येईल: एक खोली भाड्याने देऊन, लहान घरात जाऊन किंवा बँकेच्या रिव्हर्स मॉर्गेजमधून, ज्यात घरात राहूनच त्या घरावर दरमहा पैसे मिळतात. ते सगळ्या शाखा देत नाहीत आणि रक्कमही घराच्या किमतीच्या मानाने कमी असते, त्यामुळे आज त्याचा विचार नको. पण एक गोष्ट पाळा. महाराष्ट्रात मुलाच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र 200 रुपयांच्या मुद्रांक शुल्कात होतं, म्हणून पुष्कळ जण प्रेमापोटी घर देऊन टाकतात. तुमचा मुलगा गुणी आहे, तरीही घर जिवंतपणी कोणाच्या नावे करू नका. मृत्युपत्र करा, आधी वहिनींना, त्यांच्यानंतर मुलाला.

शेवटचं काम या आठवड्यातलं. बँकेच्या प्रत्येक खात्यावर आणि ठेवीवर वहिनींचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील त्याने व्यवहार करायचा) असं लावून घ्या, पोस्टातलं नवं खातं त्यांच्यासोबत संयुक्त उघडा आणि सगळीकडे नॉमिनी तपासा. पोस्टात जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. खिडकीवरची स्लिप त्यांनाच भरू द्या, पासबुक त्यांनाच वाचू द्या. पहिल्यांदा वेळ लागेल, मागचे लोक कुरकुरतील, तरी लिहू द्या.